तळ्यातला मासा कोण खातो?

(आंदर मावळातील टाकवे बुद्रुक येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. अणुभट्टीतील दुर्घटना आणि तिच्यानंतर तळ्यांतील माशांत शिरणारा किरणोत्सार, याचा आंदर मावळाशी काय संबंध? येथे भातखाचरे आहेत, जनावरे आहेत आणि वर ठोकळवाडीचे तळे आहे. चेर्नोबिल किंवा फुकुशिमा यांसारखी दुर्घटना आपल्या राज्यात घडलेली नाही. ती घडणार आहे असे सांगण्यासाठीही मी आलेलो नाही. परंतु ज्या गावांचे जीवन तळ्याशी बांधलेले आहे, त्यांनी जगातील इतर तळ्यांवर काय गुजरले हे जाणून घेणे हिताचे आहे. संकटाच्या दिवशी शिकायला वेळ नसतो.

नकाशा पाहा. येथून तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि तारापूरचे अणुवीज केंद्र सुमारे १५० किलोमीटरवर. आपल्या देशात अणुवीज केंद्राभोवतीच्या आणीबाणीच्या नियोजनासाठी १६ किलोमीटरचा परिसर धरण्याची पद्धत आहे. त्या परिसरातील माणसांना तातडीने हलवावे लागण्याची शक्यता गृहीत धरून तो ठरवलेला आहे. माशाचा प्रश्न मात्र या वर्तुळात मावत नाही. तो पावसाबरोबर प्रवास करतो.

पाऊस जेथे पडला तेथे

२६ एप्रिल १९८६ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथील अणुभट्टीचा स्फोट झाला. दोन दिवसांनी, २८ एप्रिलला, स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रातील एका कर्मचाऱ्याच्या पादत्राणांवर किरणोत्सार आढळला आणि तपासनीस यंत्राने इशारा दिला. प्रथम सर्वांना वाटले की गळती आपल्याच केंद्रात आहे. ती तेथे नव्हती. हजार किलोमीटरहून दूर झालेल्या स्फोटाची धूळ वाऱ्याने आणली होती. बाहेरच्या जगाला चेर्नोबिलची पहिली वार्ता मिळाली ती अशी.

त्याच सुमारास स्वीडनच्या येव्हले शहराच्या परिसरात पाऊस पडला. ढगातून तरंगत जाणारे कण त्या पावसाने खाली आणले. जेथे पाऊस झाला नाही त्या अलीकडच्या पट्ट्यांत थोडेच कण उतरले. जेथे तो कोसळला तेथील रान, कुरणे आणि तळी यांवर पुष्कळ उतरले. अंतरापेक्षा पावसाने अधिक निर्णय केला. ज्या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने ढग कड्याला टेकलेले असतात, त्या खोऱ्यातील माणसांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

या कणांत अनेक मूलद्रव्ये असतात. किरणोत्सारी आयोडीनचे प्रमाण आठ दिवसांत निम्मे होते. त्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांचा आणि मुख्यतः दुधाचा. सीझियम-१३७ चे प्रमाण निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. तळ्यांचा आणि माशांचा प्रश्न मुख्यतः या सीझियमचा आहे.

गोड्या पाण्यातील मासा

सीझियम हे रासायनिक गुणांनी पोटॅशियमचे भावंड आहे. आपल्या पिकांना पालाश म्हणून जे आपण घालतो तेच हे पोटॅशियम. प्रत्येक प्राण्याच्या स्नायूंना ते लागते. शरीराला या दोन भावंडांतला फरक नीट ओळखता येत नाही आणि सीझियम स्नायूंत जाऊन बसते. आपण माशाचा जो भाग खातो तो स्नायूच असतो.

समुद्रातील मासा खारे पाणी पितो आणि नको असलेले क्षार सतत बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातील माशाची स्थिती उलट आहे. भोवतालच्या पाण्यात क्षार फारच थोडे, म्हणून मिळेल तो क्षार तो धरून ठेवतो. यामुळे समुद्री माशांच्या अंगात सीझियमचे प्रमाण पाण्याच्या सुमारे शंभरपट होते, तर गोड्या पाण्यातील माशांत ते हजारो पटींपर्यंत जाऊ शकते. पाणी जितके मृदू आणि पालाश जितका कमी, तितका हा गुणाकार मोठा. म्हणून पिण्याच्या दृष्टीने निर्धोक ठरलेल्या पाण्यातील मासा खाण्यास निर्धोक असतोच असे नाही. पाण्याचा अहवाल चांगला आला म्हणून माशाची तपासणी टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. स्वीडनच्या तळ्यांत लहान मासे स्फोटानंतर काही महिन्यांतच दूषित झाले. परंतु लहान माशांना खाणाऱ्या पाईक या मोठ्या शिकारी माशातील सीझियम त्यानंतर दोनतीन वर्षांपर्यंत वाढतच गेले. उष्ण प्रदेशातील मासा अन्न जलद पचवतो आणि शरीरातील द्रव्ये जलद बाहेर टाकतो, त्यामुळे आपल्याकडे हा काळ कमी असू शकेल. पण क्रम तोच राहील. आधी शेवाळ आणि किडे, मग लहान मासे, शेवटी मरळ आणि वाम यांसारखे शिकारी मासे. वर्तमानपत्रांतून बातमी ओसरलेली असते तेव्हा शिकारी मासा सर्वांत अधिक दूषित असू शकतो.

तिसरी गोष्ट तळ्याच्या ठेवणीची. वाहत्या नदीतील पाणी निघून जाते. साठलेल्या तळ्यात सीझियम गाळात उतरते आणि तेथून थोडे थोडे पुन्हा अन्नसाखळीत येते. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा येथील अणुभट्ट्यांची दुर्घटना झाली. तेथून सुमारे १९० किलोमीटरवर गुन्मा प्रांतात आकागी पर्वतावर ओनुमा नावाचे एक तळे आहे. त्यातील पाणी फार सावकाश बदलते. त्या वर्षी तेथील वाकासागी या बोटभर माशात किलोमागे ५०० बेकरेल या तेव्हाच्या मर्यादेपेक्षा अधिक सीझियम आढळले आणि त्याची विक्री थांबवावी लागली. १९० किलोमीटर हे अंतर येथून तारापूरच्या अंतरापेक्षा अधिक आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आकड्यांचा अर्थ

बेकरेल हा शब्द आला आहे, तेव्हा त्याचा अर्थ सांगतो. एका सेकंदात एका अणूचे विघटन झाले की एक बेकरेल. ही मोजणी अतिशय बारीक आहे. कोणतीही दुर्घटना झालेली नसताना प्रौढ माणसाच्या शरीरात केवळ नैसर्गिक पोटॅशियममुळे सुमारे ४,००० बेकरेल असतात. निर्मळ तळ्यातील किलोभर माशातही ते शंभराच्या आसपास असतात. म्हणून यंत्राने टिकटिक केली एवढ्याने घाबरू नये. किती, कशाचे आणि किती दिवस, हे तीन प्रश्न विचारावेत.

आता मर्यादांकडे वळू. स्वीडनने १९८६ मध्ये अन्नासाठी किलोमागे ३०० बेकरेलची मर्यादा ठरवली होती. १९८७ मध्ये गोड्या पाण्यातील मासे, शिकारीचे मांस, रानफळे आणि अळंबी यांसाठी ती १,५०० करण्यात आली. जपानने एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नाची मर्यादा ५०० वरून १०० वर आणली. एका देशात वाढ, दुसऱ्यात घट. यात लबाडी आहे असे अनेकांना वाटले. वस्तुतः मर्यादा ठरवताना एक गृहीतक धरलेले असते: लोक हा पदार्थ किती खातात? सर्वसाधारण स्वीडिश नागरिक तळ्यातील मासा क्वचित खातो, म्हणून मर्यादा वाढवली तरी त्याच्या शरीरात जाणारे वार्षिक प्रमाण फारसे वाढत नाही, असा तो हिशेब होता.

हिशेब चुकीचा नव्हता. पण तो कोणाचा होता, हा प्रश्न आहे. आपण येथेच एक उदाहरण सोडवू. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडण्यास हरकत नाही. किलोमागे १,५०० बेकरेल सीझियम-१३७ असलेला मासा घ्या. एका जेवणात २०० ग्रॅम मासा म्हणजे ३०० बेकरेल. शहरातील एक गृहस्थ तो आठवड्यातून एकदा खातो. त्याच्या पोटात वर्षाला १५,६०० बेकरेल जातात आणि प्रौढासाठीच्या प्रमाणित गुणकाने हिशेब केला तर त्याला सुमारे ०.२ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. तळ्याकाठचा एक माणूस तोच मासा रोज खातो. त्याच्या पोटात १,०९,५०० बेकरेल जातात. मात्रा होते सुमारे १.४ मिलिसीव्हर्ट. सामान्य नागरिकासाठी, नैसर्गिक किरणोत्सार वगळून, वर्षाला १ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा जगभर मानली जाते. मासा एकच, प्रयोगशाळेचा शिक्का एकच, परंतु एकजण मर्यादेच्या पुष्कळ आत आणि दुसरा तिच्या बाहेर.

यात घाबरून जाण्यासारखे काही नाही, १.४ मिलिसीव्हर्टने कोणी आजारी पडत नाही. पण सरासरीवर बेतलेला नियम, सरासरीत न बसणाऱ्या माणसाचे रक्षण करीत नाही, हे यातून स्पष्ट होते. स्वीडनने हे ओळखले होते. म्हणून विक्रीची मर्यादा वाढवताना तेथील अधिकाऱ्यांनी, जे लोक स्वतः पकडलेले मासे आणि रेनडिअरचे मांस नित्य खातात त्यांच्यासाठी, म्हणजे कोळी, शिकारी आणि उत्तरेकडील सामी लोकांसाठी, किती व केव्हा खावे याचा वेगळा सल्ला दिला.

ब्रिटनमध्ये तर हा विचार त्याआधीच रुजला होता. विंडस्केल येथील अणुप्रकल्पाचे सांडपाणी समुद्रात सोडले जाई. तेथील किनाऱ्यावरचे एक खाद्य शेवाळ दूर साउथ वेल्समध्ये जाई आणि तेथील काही कुटुंबे त्याचा पदार्थ नित्य खात. विसर्गाची मर्यादा ठरवताना शास्त्रज्ञांनी देशाची सरासरी घेतली नाही. त्या मोजक्या कुटुंबांच्या ताटातील शेवाळ त्यांनी मोजले. ज्यांना सर्वांत अधिक मात्रा मिळू शकते ते सुरक्षित, तर बाकीचे सुरक्षित, हे तत्त्व तेथून पुढे सर्वत्र मान्य झाले.

आता आपल्या तळ्याकडे या. ठोकळवाडीचे धरण १९२२ साली टाटांच्या वीज कंपनीने पूर्ण केले. त्याचे पाणी कड्याखाली भिवपुरीच्या वीजगृहात उतरते. खालच्या अंगाच्या आंध्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून पिंपरी-चिंचवडकरांना मिळते. वीज आणि पाणी यांचे लाभधारक लक्षावधी आहेत आणि त्यांच्यासाठी हिशेब ठेवणारी कार्यालये आहेत. परंतु तळ्यातला मासा कोण खातो? काठावरच्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांतील कुटुंबे, जाळे टाकणारे आणि त्यांची मुले. पहिल्या पावसात चढणीचे मासे कोण पकडते, बारीक मासे काट्यांसकट कोण खाते, उरलेले वाळवून कोण ठेवते, हे कोणत्याही प्रयोगशाळेला ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक असते.

हे तपशील किरकोळ नाहीत. दुर्घटनेतील दुसरे द्रव्य, स्ट्रॉन्शियम-९०, हे कॅल्शियमचे भावंड असल्याने हाडांत साठते. मोठ्या माशाचे मांस खाणाऱ्याला त्याचा उपद्रव थोडा, काट्यांसकट खाणाऱ्याला अधिक. मासा वाळवला की पाणी उडून जाते आणि सीझियम मागे राहते, म्हणजे किलोमागील आकडा वाढतो. उलट मासा उकळून ते पाणी फेकले तर सीझियमचा काही भाग त्याबरोबर जातो. तळल्याने मात्र तो जात नाही. आहाराची पद्धत माहीत असल्यावाचून केलेला उपदेश अर्धवट ठरतो.

मौनाची किंमत

माहिती खात्यातील माणूस म्हणून आणखी एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. आमच्या व्यवसायात एक वाक्य फार सोयीचे असते: "नागरिकांनी घाबरण्याचे कारण नाही." मीही ते अनेकदा लिहिले आहे. वाक्य खरे असले तरी त्यामागे आकडा नसेल तर लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि एकदा उडालेला विश्वास खऱ्या संकटात कामी येत नाही.

२९ सप्टेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाच्या उरल भागातील मायाक येथे किरणोत्सारी कचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला. त्यापूर्वी १९४९ पासून तेचा नदीत तसाच कचरा सोडला जात होता आणि काठची गावे तिचे पाणी पीत होती. गावे उठवली गेली, पण कारण लोकांना सांगितले गेले नाही. जगालाही नाही. झोरेस मेदवेदेव हे जीवशास्त्रज्ञ देश सोडून इंग्लंडमध्ये राहत असताना १९७६ मध्ये त्यांनी या स्फोटाचा उल्लेख केला, तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञांनीही तो खोटा ठरवला. मग मेदवेदेव यांनी सोव्हिएत नियतकालिकांतील शास्त्रीय निबंध चाळले. त्यांत किरणोत्सारी तळ्यांचे आणि त्यांतील माशांचे अभ्यास होते. स्थळाचे नाव नव्हते. इतके शिकारी मासे पुरवणारे तळे फार मोठे असले पाहिजे आणि एवढ्या मोठ्या तळ्यात प्रयोगासाठी कोणी किरणोत्सारी द्रव्य ओतणार नाही, असे अनुमान त्यांनी काढले. सोव्हिएत सरकारने दुर्घटना मान्य केली ती १९८९ मध्ये. राज्यसत्तेने लपवलेली गोष्ट तळ्यातील माशांनी सांगितली.

याच्या उलट उदाहरणे आपल्या जवळची आहेत. चेर्नोबिलनंतर युरोपीय मदतीतून आलेल्या आयरिश लोण्याची खेप मुंबईच्या दूध योजनेकडे आली तेव्हा मुंबईतील एका डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने तज्ज्ञांचे मत मागवले आणि ठरवलेल्या मर्यादेच्या आत असलेले ते लोणी अपायकारक नाही, असा निर्णय १९८८ मध्ये दिला. लोणी निर्दोष ठरले म्हणून प्रश्न विचारणारे चुकले असे मी म्हणणार नाही. प्रश्न उघडपणे विचारला गेला, मोजणी झाली आणि उत्तर उघडपणे मिळाले.

कारवारजवळ काळी नदीवरील कद्रा जलाशयाच्या काठी कैगा येथे अणुवीज केंद्र आहे. आपल्यासारखेच घाटातील, पावसाचे ते ठिकाण आहे. तेथे भाभा केंद्राची पर्यावरण प्रयोगशाळा पाणी, गाळ आणि मासे यांचे नमुने नियमाने तपासते. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथे केंद्राच्या आतील पिण्याच्या पाण्याच्या एका यंत्रात ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले. ही गोष्ट उघडकीस आली ती कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या लघवी तपासणीतून. कोणतेही संकट नसताना चालू ठेवलेली तपासणीच संकटाच्या वेळी उपयोगी पडते.

पंचायतीचे आणि शाळेचे काम

मग आपण काय करावे? यंत्रे आणणे हे पंचायतीचे काम नाही. परंतु तीन गोष्टी आपल्या हातातील आहेत.

पहिली म्हणजे आहाराची नोंद. तळ्याकाठच्या प्रत्येक वस्तीत कोण मासे पकडतो, कोणते, कोणत्या महिन्यात, आठवड्यातून किती वेळा ते खाल्ले जातात आणि किती विकले जातात, हे लिहून ठेवावे. वरच्या वर्गातील मुले शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली हे काम एका हंगामात करू शकतील. दुर्घटना कधीच झाली नाही तरी ही वही वाया जाणार नाही. कारखान्याचे सांडपाणी, शेतातील औषधे किंवा रोगराई, यांपैकी कोणत्याही प्रसंगी पहिला प्रश्न हाच असतो.

दुसरी गोष्ट पूर्वनोंदीची. आज तळे निर्मळ असताना त्यातील पाणी, गाळ आणि मासे यांचा आकडा काय आहे, हे माहीत नसेल तर उद्याच्या आकड्याशी तुलना कशाशी करणार? ग्रामसभेने ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत अशा तपासणीची मागणी करावी. नमुना घेताना रोहू-कटल्याबरोबर मरळ आणि वामही घ्यावेत आणि जे बारीक मासे सबंध खाल्ले जातात ते सबंधच तपासावेत, असे ठरावात लिहावे. एखादा प्रसंग ओढवलाच तर तपासणी पहिल्या महिन्यावर न थांबता पुढची दोनतीन वर्षे चालावी, हेही लिहावे.

तिसरी गोष्ट विश्वासाची. २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसातून करोना होतो अशी अफवा पसरली आणि राज्यातील कुक्कुटपालकांचे अपरिमित नुकसान झाले. उद्या अशीच अफवा तळ्यातील माशाविषयी उठली तर पहिला फटका त्याच कुटुंबांना बसेल, ज्यांना माशाशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून जो आकडा येईल तो, चांगला असो वा वाईट, पंचायतीच्या फलकावर मराठीत लागावा, गृहीतकासह लागावा: हा आकडा आठवड्यातून एकदा खाणाऱ्यासाठी आहे की रोज खाणाऱ्यासाठी? आणि मासेमारीवर बंदी घालण्याची वेळ आलीच, तर भरपाईचा आदेश त्या बंदीबरोबरच निघावा. एका हाताने ताट काढून घेणाऱ्या शासनाने दुसऱ्या हाताने ते भरले नाही, तर बंदी कागदावर राहते आणि मासा पोटात जातो.

मित्रहो, अणुशक्तीसंबंधीचे मोठे निर्णय या खोऱ्यात होत नाहीत. पण किलोमागे किती बेकरेल, हा आकडा प्रयोगशाळेने सांगितल्यावर, तो मासा कोणाच्या घरात, कोणाच्या ताटात आणि किती वेळा जातो, हे सांगणारे कोणीतरी हवे. ते आपणच आहात. येत्या ग्रामसभेत त्या वहीचे पहिले पान लिहिले जावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.